पत्रपेटी : एलेरॉन अडतोय? आधी जोडणी सोडा

चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ साली बीकेसीत ‘मेक इन इंडिया’च्या मांडवात लोकांनी पाहिलं आणि आमच्या पत्रपेटीचा रंगच बदलला. त्याआधी ‘पायलट होण्यासाठी चष्मा चालतो का?’ असली पत्रं यायची. आता गाळ्यात, गोदामात, नाहीतर गावाकडच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलेली माणसं लिहितात. यादवांचा आराखडा स्वतःचा होता. आपली बहुतेक मंडळी किट मागवणारी. सुटे भाग, नकाशे आणि जाडजूड मॅन्युअल खोक्यातून येतं, आणि डोकेदुखी वेगळी मागवावी लागत नाही.

या खेपेची पाचही पत्रं हलणाऱ्या पृष्ठभागांबद्दलची आहेत. पंखाच्या टोकाकडचे एलेरॉन विमान कुशीवर झुकवतात, शेपटीचा एलिव्हेटर नाक वर-खाली करतो आणि रडर नाक डावी-उजवीकडे वळवतो. पायलट हातातल्या दांड्याने, म्हणजे स्टिकने, एलेरॉन आणि एलिव्हेटर हलवतो, पायातल्या पेडलने रडर; मधली जोडणी पुशरॉड नावाच्या दांड्यांची किंवा केबलची असते. परवाने आणि कागदपत्रांचे प्रश्न मात्र मला पाठवू नका. ते डीजीसीएला, म्हणजे सरकारी विमान नियामकालाच विचारा. माझी नोकरी सांताक्रूझच्या हँगरात रिगिंगला, म्हणजे हेच पृष्ठभाग जोडण्या-जुळवण्यात गेली, फायलींत नाही.

दोन आसनी धातूच्या विमानाचा किट बांधतो आहे. पंख टेबलावर होता तेव्हा डावा एलेरॉन लोण्यासारखा हलत होता. पंख फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) जोडून पुशरॉड लावले. आता स्टिक उजवीकडे नेताना शेवटच्या टप्प्यात जड होते आणि परतताना झटका देते. सगळ्या सांध्यांना ग्रीस लावलं, फरक नाही. एक बोल्ट हरवला होता तो नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून आणला, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, वसई पूर्व

ग्रीस आधी पुसून काढा. ज्या सांध्यांना कंपनीने ग्रीस सांगितलेलं नाही तिथे ते फक्त धूळ धरतं, आणि तुमच्या वसईच्या गाळ्यात शेजारी ग्राइंडिंग चालत असेल तर धुळीबरोबर लोखंडाची कीसही.

आता पाना घ्या आणि एलेरॉनपाशी पुशरॉड सोडा. फक्त तिथेच. एलेरॉन हाताने वरपासून खालपर्यंत फिरवा. तो सुटा असतानाही अडत असेल, तर दोष बिजागरीत किंवा एलेरॉन आणि पंख यांच्यातल्या फटीत आहे. सुटा छान फिरत असेल तर एलेरॉन निर्दोष, पुढे चला. पंखातल्या बेलक्रँकपाशी, म्हणजे पुशरॉडची दिशा बदलणाऱ्या कोनी तुकड्यापाशी, आतला पुशरॉड सोडा, बेलक्रँक एकटा फिरवून पाहा. मग स्टिक एकटी हलवून पाहा. हाताला जडपणा स्टिकवर लागतो म्हणून माणसं कॉकपिटमध्ये वाकून बसतात आणि खरा दोष दोन मीटर लांब पंखात असतो. हे ओळखायला फार अक्कल लागत नाही, सांधे एकेक करून सोडण्याचा कंटाळा नसला म्हणजे झालं.

अंदाजावर जाऊ नका. मासळीवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा स्टिकच्या माथ्याला अडकवा आणि हळूहळू ओढा. स्टिक हलायला किती जोर लागतो आणि कुठल्या कोनात तो वाढतो, ते लिहून ठेवा. एक सांधा सोडला की पुन्हा मोजा. आकडा जिथे धाडकन उतरेल तिथे चोर सापडला.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय रॉड एंडवर आहे. पुशरॉडच्या दोन्ही टोकांना हा रॉड एंड, म्हणजे गोळीचं बेअरिंग असतं. लॉकनट आवळताना त्या बेअरिंगचं अंग नटाबरोबर थोडं फिरतं आणि एक टोक आडवं, दुसरं तिरपं होऊन बसतं. मधल्या टप्प्यात काही कळत नाही. शेवटच्या टप्प्यात बेअरिंगचं अंग ते ज्या दुबेळक्यात बसतं त्याच्या भिंतीला टेकतं आणि तिथेच स्टिक जड होते. तपासायची रीत सोपी आहे. पुशरॉड जोडलेला असताना तो बोटांत धरून स्वतःच्या अक्षाभोवती पिळा. दोन्ही बाजूंना थोडा आणि सारखाच डुलला पाहिजे. एका बाजूला मुळीच डुलत नसेल तर लॉकनट सैल करा, दोन्ही टोकं एका पातळीत आणा, एक पाना बेअरिंगच्या अंगावर धरून दुसऱ्याने नट आवळा. हे करताना आटे पुरेसे आत आहेत ना तेही बघा. काही पुशरॉडच्या टोकाला त्यासाठी बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यातून तार आरपार गेली तर रॉड एंड पुरेसा आत बसलेला नाही.

दुसरा संशय पुशरॉड पंखाच्या रिबमधल्या, म्हणजे फासळीतल्या, भोकाच्या काठाला घासण्याचा. पंख टेबलावर असताना त्याला आधार वेगळ्या जागी होता. फ्युजलाजला लागल्यावर तो स्वतःच्या वजनाने वेगळा झुकतो आणि पुशरॉडही स्टिकच्या बाजूने वेगळ्या कोनात येतो. रॉडला मार्करची ओली शाई फासा, स्टिक चारपाच वेळा टोकापर्यंत न्या, टॉर्च लावून बघा शाई कुठे पुसली गेली. घासतंय म्हणून लगेच कानस घेऊन भोक मोठं करायला बसू नका. रिब हा पंखाचा ताण झेलणारा भाग आहे. भोक किती वाढवता येतं ते किटच्या कंपनीला विचारून घ्यायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

तिसरी शक्यता फटीची. स्टिक उजवीकडे नेली की डावा एलेरॉन खाली जातो, म्हणजे बिजागरीच्या पुढचा त्याचा नाकाकडचा भाग वर येतो. तिथे आतल्या बाजूचं एखादं रिव्हेटचं डोकं पंखाच्या वरच्या पत्र्याला टेकत असेल. फटीत कागदाची पट्टी धरून एलेरॉन फिरवा, पट्टी जिथे अडकेल तिथे खूण करा. एलेरॉनची शेवटची मर्यादा ठरवायला स्टॉप असतो. आधी स्टॉप लागला पाहिजे, पत्रा कधीच नाही. किती अंश वर आणि किती खाली ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. डिजिटल लेव्हल आता स्वस्त मिळते, ती एलेरॉनवर ठेवून मोजा.

आता तो बोल्ट. नागदेवी स्ट्रीटचा मी जुना भक्त आहे. ड्रिल बिट, सी-क्लँप, पत्रा कापायच्या कात्र्या तिथूनच घ्याव्यात. पण कंट्रोलच्या सांध्यात तिथला बोल्ट नको, कितीही चकचकीत असला तरी. एएन३ या विमानी बोल्टचा व्यास ३/१६ इंच असतो आणि त्याच्या पोलादाची ताणशक्ती चौरस इंचाला १,२५,००० पौंड. ही झाली कागदावरची बाब. त्याहून मोठा फरक म्हणजे विमानी बोल्टचा गुळगुळीत भाग सांध्याच्या जाडीइतका निवडता येतो, त्यामुळे भोकात आटे येत नाहीत. दुकानातल्या बोल्टला बहुधा डोक्यापर्यंत आटे असतात. ते आटे बेअरिंगच्या भोकात करवतीचं काम करतात आणि काही तासांत सांधा खुळखुळा होतो. स्टिक परतताना झटका बसतो म्हणालात ना, तर पहिल्यांदा त्याच सांध्याकडे बघा.

त्या बोल्टवर नायलॉनचा नट लावला असेल तर तोही काढा. जिथे बोल्ट सांध्याबरोबर फिरू शकतो तिथे खाचांचा नट आणि आरपार कॉटर पिन, दुसरं काही चालत नाही. एक मोठा वॉशरही लावा, बेअरिंगच्या व्यासापेक्षा मोठा. बेअरिंगची गोळी निसटली तरी वॉशरमुळे रॉड बोल्टवरून बाहेर पडत नाही.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपने जुना अर्धवट किट विकत घेतला. सगळ्या केबल नव्या टाकल्या. पुढच्या महिन्यात टॅक्सी टेस्ट (विमान जमिनीवर चालवून बघायची चाचणी) आहे. कंट्रोल बरोबर जोडलेत हे खात्रीने कसं ठरवायचं? सर, स्टिक हलवली की एलेरॉन हलतात, एवढं पुरेसं नाही का?
— एक विद्यार्थी, ऐरोली

नाही रे बाबा. एलेरॉन उलटेही हलतात! केबल नव्या टाकल्या की उलट जोडण्याची संधी हमखास मिळते. दुरुस्तीनंतर एलेरॉन उलटे जोडलेली विमानं उडाली आहेत आणि पडली आहेत, आणि ती बांधणारे अडाणी नव्हते.

स्टिक मुठीत धर, अंगठा वर उभा ठेव. स्टिक डावीकडे ने. अंगठा ज्या बाजूला कलला त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. उजवीकडेही तसंच. स्टिक मागे ओढ, एलिव्हेटरची मागची कड वर. डावा पेडल दाब, रडरची मागची कड डावीकडे. एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरच्या छोट्या पट्टीचं, म्हणजे ट्रिम टॅबचं, उलट असतं, तिथे पोरं फसतात: नाक वर हवं असेल तर एलिव्हेटरवरचा टॅब खाली जातो, कारण टॅब एलिव्हेटरला वर ढकलतो.

हे तू कॉकपिटमध्ये बसून करायचंस आणि मागे उभा राहून बघायचं दुसऱ्याने, ज्याने त्या केबलला हातही लावलेला नाही अशाने. जोडणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. त्याला जे दिसायला हवं तेच दिसतं. आणि तपासणारा ‘हं, हलतंय’ म्हणाला तर त्याला घरी पाठव. ‘डावा वर, उजवा खाली’ असं तोंडाने म्हणणारा माणूस आण.

आमचं विमान उडतं आहे. पण सरळ उडताना डावा पंख खाली जातो, सतत उजवीकडे जोर द्यावा लागतो. एकाने सांगितलं की एलेरॉनची मागची कड पक्कडीने वाकव, सरळ होईल. वाकवू का?
— एक वाचक, ठाणे

पक्कड खाली ठेवा. तुमच्या विमानात दोन जागा शेजारीशेजारी आहेत का? मग चाचणीला तुम्ही एकटेच डावीकडच्या सीटवर बसत असणार, आणि तुमचं वजन मी विचारत नाही. डाव्या टाकीत पेट्रोल जास्त आणि उजवीत कमी असेल तर त्यात भर. दोन्ही टाक्या सारख्या भरून, उजव्या सीटवर तेवढंच वजन नीट बांधून एकदा उडून पाहा. अर्धी ‘जड पंखाची’ दुखणी तिथेच बरी होतात.

तरी झुकतंच असेल तर कॉकपिटमधली, आडवी घसरण दाखवणारी नळीतली गोळी मध्यावर आहे का ते बघा. विमान किंचित आडवं घसरत उडत असेल तर ते कुशीवरही कलतं, आणि मग दोष रडरचा असतो, सजा एलेरॉनला होते. गोळी मध्यावर आणल्यावर जमिनीवर येऊन दोन्ही फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे धडाजवळचे पृष्ठभाग) पूर्ण वर सारखे बसतात का ते मोजा. एका बाजूचा फ्लॅप थोडासा जरी खाली राहिला तरी तो पंख उचलला जातो आणि दुसरा जड वाटतो. त्यानंतर दोन्ही पंखांचा बसवलेला कोन. त्यानंतर एलेरॉन मध्यावर असताना दोन्ही कडा पंखाच्या रेषेत आहेत का.

हे सगळं बरोबर निघालं तर मागच्या कडेकडे या. दुमडलेल्या पत्र्याची मागची कड असलेल्या एलेरॉनना, उदाहरणार्थ व्हॅन्स या अमेरिकी किट कंपनीच्या आरव्ही मालिकेत, ती कड किती गोल आहे यावर हवेचा जोर बदलतो. तिथला उपाय हलक्या पंखाच्या एलेरॉनवर होतो, जड पंखाच्या नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत उजव्या. पक्कडीने एका जागी चावायचं नाही, लांब लाकडी पट्ट्यांमध्ये धरून संपूर्ण लांबीवर अगदी थोडंसं दाबायचं, उडून बघायचं, मग पुन्हा. जास्त दाबलं गेलं तर परत गोल करणं फार कटकटीचं आहे. तुमचा किट दुसरा असेल तर त्याच्या कंपनीची रीत वेगळी असू शकते. काहींना जमिनीवर असताना वाकवायची छोटी पट्टीच दिलेली असते.

माझे यजमान दोन वर्षांपासून विमान बांधताहेत. शेपटीचे भाग आमच्याच हॉलमध्ये होते. ते त्यांनी भिवंडीला गाडीच्या गॅरेजमध्ये रंगवून आणले, छान चमकतात. आता ते म्हणतात की सगळ्याचं बॅलन्सिंग पुन्हा करायचं आणि त्यासाठी हॉल पुन्हा हवा. रंग लावण्याआधी ते झालं होतं, मी स्वतः धरून उभी होते. हे खरंच लागतं, की हॉल अडवायचं निमित्त?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, या वेळी ते खरं बोलताहेत. हॉल द्या.

एलिव्हेटर, रडर, एलेरॉन बिजागरीवर टांगलेले असतात आणि त्यांचा बराचसा पसारा बिजागरीच्या मागे असतो. समजा हवेच्या धक्क्याने पंख वर गेला. मागे जड असलेला एलेरॉन त्याच्याबरोबर लगेच वर येत नाही, मागे रेंगाळतो, म्हणजे पंखाच्या मानाने खाली जातो. खाली गेलेला एलेरॉन पंखाला आणखी उचलतो. पंख परत खाली येताना हेच उलट होतं. प्रत्येक फेरीला हवा थोडी ताकद घालते आणि थरथर वाढत जाते. याला फ्लटर म्हणतात. ठरावीक वेगाच्या वर तो सुरू झाला तर पायलटला ‘काय होतंय’ म्हणायलाही वेळ मिळत नाही, काही सेकंदांत भाग तुटतात. म्हणून बिजागरीच्या पुढे नाकात वजन भरतात, हेच बॅलन्सिंग.

आता रंगाचा हिशेब बघा. बिजागरीच्या ३० सेंटीमीटर मागे १० ग्रॅम रंग चढला आणि वजन भरायची जागा बिजागरीच्या ५ सेंटीमीटर पुढे असेल, तर ते १० ग्रॅम पेलायला पुढे ६० ग्रॅम लागतात. गाडीच्या गॅरेजमध्ये तर पत्र्यावरचा पोचा भरायला पुट्टी मुक्तहस्ताने फासतात आणि ती मागच्या कडेलाच जास्त लागते, कारण लाटा तिथेच दिसतात. यजमानांना विचारा, पुट्टी लावली का. उत्तर द्यायला उशीर झाला तर लावली.

बॅलन्सिंग करताना पंखा बंद ठेवा. खिडक्याही. डोंबिवलीत मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणा आहे, पण डोक्यावर पंखा फिरत असताना एलिव्हेटर कधीच खरं सांगणार नाही. भाग बिजागरीच्या रेषेवर दोन धारदार टेकूंवर मोकळा ठेवायचा, ट्रिम टॅब आणि त्याचा रॉड लावलेला हवा, आणि नाक किती खाली जायला हवं ते मॅन्युअलप्रमाणे. एक गोष्ट यजमानांसाठी: काही हळू उडणाऱ्या विमानांच्या आराखड्यात असं वजन मुळातच नसतं. तसा किट असेल तर स्वतःच्या मनाने शिसं भरू नका. आणि कमी पडलेलं वजन पुढेच घाला, रंग खरवडून मागची कड पातळ करायचा उद्योग नको.

हॉल अडलेलाच आहे तर ट्रिम टॅबची मागची कडही बोटाने वर-खाली हलवून घ्या. एलिव्हेटर पक्का धरायचा, टॅबचा रॉड जोडलेला हवा. फ्लटरच्या जुन्या अमेरिकी निकषात छोट्या टॅबची एकूण ढिलाई त्याच्या बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या २ टक्क्यांच्या आत हवी असं आहे. १० सेंटीमीटरच्या टॅबला ते २ मिलिमीटर होतात. मला तेवढीही आवडत नाही. पोकळ वाजणारा टॅब मी उडू दिला नसता.

शेड पत्र्याची आहे. सकाळी केबल सैल लागतात, दुपारी ताणलेल्या. रोज टर्नबकल (केबलचा ताण कमी-जास्त करायची आट्यांची नळी) फिरवतो. केबल खराब आहेत का?
— एक वाचक, वर्सोवा

केबल बिचाऱ्या ठीक आहेत, टर्नबकल फिरवणं थांबवा. ॲल्युमिनिअम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. ४ मीटर लांबीत १५ अंशांच्या फरकाला विमानाचं अंग केबलपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांबतं, आणि केबल ताणली जाते. वर थंड हवेत गेलात की उलट, सैल होते. म्हणून ताण नेहमी टेन्सिओमीटरने मोजायचा, तापमान लिहायचं आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात त्या तापमानाला किती हवा ते बघायचं. बोटाने दाबून ‘बरोबर वाटतंय’ ही रीत तंबोऱ्याला ठेवा.

तुम्ही वर्सोव्याला, समुद्र हाकेवर. ताणापेक्षा मला तुमच्या गंजाची काळजी जास्त आहे. केबल जिथे पुलीवरून वळते तिथे सैल करून हळूच वाकवा, आतल्या तारांत तांबूस भुकटी दिसली तर केबल बदला. तुटक्या तारा शोधायला सुती फडकं केबलवरून ओढा, ते जिथे अडकेल तिथे तार तुटलीय. बोटं ओढू नका, टाके पडतात. पुली प्रत्येक वेळी फिरते का तेही बघा. अडून बसलेल्या पुलीवर केबल करवतीसारखी घासून खाच पाडते.

ताण एकदा बरोबर जमला की टर्नबकलच्या दोन्ही टोकांना नजर टाका. नळीच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसत असतील तर केबलची लांबीच चुकली आहे, ती नव्याने करून घ्यावी लागेल. दिसत नसतील तर सेफ्टी वायर किंवा क्लिप लावून बंद करा, आणि मग सकाळी-दुपारी तिकडे फिरकू नका.